विस्मरण दिसण्याआधी मेंदू जास्त धावतो: अल्झायमरच्या सुरुवातीबद्दल

कृष्णाकाठ

अल्झायमर म्हटलं की मंदावत गेलेला मेंदू आपल्या डोळ्यांपुढे येतो. नावं आठवत नाहीत, ओळखीचा रस्ता चुकतो, गॅस चालू राहतो. पण गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन वाचताना एक वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते आणि मराठीत तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीला, घरच्यांना काही जाणवायच्या कितीतरी आधी, मेंदूचे काही भाग गरजेपेक्षा जास्त सक्रिय झालेले असतात. ही जास्तीची धावपळ आजार वाढवायलाही हातभार लावत असावी, असं मानायला आता बराच आधार आहे. त्यावर इथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींच्या बाहेर साचलेला साका आणि पेशींच्या आत पडलेले गुंते. साक्यात बीटा अमायलॉइड हे प्रथिन असतं, गुंत्यांत टाउ. अमायलॉइडची साठवण लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होते.

पण तो मेंदूत सगळीकडे सारखा साचत नाही. असं का? आपण विशेष काही करत नसताना, जुन्या आठवणींत किंवा उद्याच्या विचारांत असताना, मेंदूतल्या ठरावीक भागांचं एक जाळं चालू असतं. मार्कस रेकल यांच्या गटाने २००१ साली त्या अवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. २००५ साली रँडी बकनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे जाळं आणि अमायलॉइड साचण्याच्या जागा बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात. आयुष्यभर ज्या भागांना उसंत कमी, तिथेच साठा जास्त.

उंदरांवरच्या प्रयोगांनी यामागची यंत्रणा दाखवली. चेतापेशी जितके जास्त संदेश सोडतात तितका जास्त अमायलॉइड त्यांच्याभोवतीच्या द्रवात येतो, हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन सिरिटो आणि डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाने २००५ साली जिवंत उंदरांच्या मेंदूत मोजून दाखवलं. पेशींची हालचाल औषधाने दाबली की पातळी उतरायची, चेतवली की चढायची. याच विद्यापीठातला २०११ चा प्रयोग मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो. उंदराच्या प्रत्येक मिशीसाठी मेंदूत स्वतंत्र जागा असते. त्यांनी एकाच बाजूच्या मिश्या कापत ठेवल्या. त्या मिश्यांचे संदेश मेंदूच्या ज्या अर्ध्या भागात पोचायचे तिथे साका कमी झाला, दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र नेहमीसारखाच वाढला. प्राणी तोच, जनुकं तीच, वयही तेच. फरक फक्त पेशी किती कामाला लागल्या याचा.

आता दुसरी बाजू. म्युनिकमधल्या संशोधकांनी २००८ साली साक्याच्या आसपासच्या पेशी पाहिल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच पेशी अतिशय चेतलेल्या निघाल्या. २०१९ साली म्युनिकहूनच त्याचं एक कारण पुढे आलं. पेशी एकमेकींना ग्लुटामेट सोडून चेतवतात आणि काम झालं की ते ग्लुटामेट लगेच उचललं जावं लागतं. अमायलॉइड ही उचल अडवतो. ग्लुटामेट तिथेच रेंगाळतं आणि आधीच सक्रिय असलेली पेशी आणखी भडकते. म्हणजे धावपळीने अमायलॉइड वाढतो आणि अमायलॉइडने धावपळ वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झालं की त्याला बाहेरून रेटा लागत नाही.

माणसांत काय दिसतं? कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात एका जनुकीय बदलामुळे पिढ्यान्‌पिढ्या लवकर अल्झायमर होणारी कुटुंबं आहेत. चाळिशीच्या मध्यावरच त्यांना विस्मरण सुरू होतं. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी २०२४ मध्ये निधन होईपर्यंत या कुटुंबांसाठी आयुष्य वेचलं. याकील किरोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली याच कुटुंबांतल्या, अजून पूर्ण ठणठणीत असलेल्या तरुणांचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती सक्रिय आहे ते दाखवणारे स्कॅन, प्रसिद्ध केले. काही नवं लक्षात ठेवताना त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, इतरांपेक्षा जास्त पेटत होता. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली अपोई-४ हे धोका वाढवणारं जनुक असलेल्या २० ते ३५ वयाच्या लोकांतही असंच दिसलं होतं.

पूर्वी याचा अर्थ ‘मेंदू भरपाई करतोय’ असा लावला जायचा. तो अर्थ पूर्ण खोटा नसेल, पण अपुरा आहे असं माझं मत झालं आहे. का, ते प्रतिसादांत लिहितो. तुम्हीही लिहा, विशेषतः ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी.

मेतकूट_भात

उत्तम धागा. वाचता वाचता एक प्रश्न पडला आणि थोडी धास्तीही वाटली. माझी आई ७१ वर्षांची आहे. रोज शब्दकोडी सोडवते, गीतेचे अध्याय पाठ करते, भिशीचे हिशेब तोंडी ठेवते. आम्हीच तिला सांगत आलो की डोकं चालू ठेव. पेशी जितक्या जास्त काम करतील तितका अमायलॉइड जास्त, असं असेल तर आम्ही तिला उलटा सल्ला दिला का?

कृष्णाकाठ

मेतकूट, मुळीच नाही. आईंना कोडी सोडवू द्या.

हिप्पोकॅम्पस जास्त पेटतो म्हणजे जास्त चांगलं काम करतो असं नाही. तिथे चेतवणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही असतात. आवरणाऱ्या पेशी दुबळ्या झाल्या की गोंगाट वाढतो. भजनात वीस जण एका तालात टाळ वाजवतात आणि तेच वीस टाळ लहान पोरांच्या हाती दिले तर आवाज जास्त होतो, भजन होत नाही. आजाराच्या सुरुवातीची अतिसक्रियता ही अशी आहे. अभ्यास, गाणं, कोडी यांतली सक्रियता तालातली असते.

याला आधार आहे. बर्कलीच्या संशोधकांनी २०१२ साली निरोगी वृद्धांचे अमायलॉइड स्कॅन आणि त्यांच्या आयुष्यभराच्या सवयी ताडून पाहिल्या. तरुणपणी आणि मध्यम वयात वाचन, लेखन, बुद्धीचे खेळ यांत रमलेल्यांच्या मेंदूत अमायलॉइड कमी होता. एकामुळेच दुसरं झालं असं यातून सिद्ध होत नाही. पण डोकं वापरल्याने साका वाढतो ही भीती खरी असती तर चित्र उलटं दिसायला हवं होतं. सरावलेला मेंदू तेच काम कमी खटपटीत करतो, हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे आणि मला ते पटतं.

मुसी_किनारा

यात हैदराबादची भर घालतो, कारण आम्ही इथले मराठी लोक घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू असेच वाढलो. इथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. कधीही शाळेत न गेलेल्या लोकांतही हा फरक होता, हे मला फार मोलाचं वाटतं. अशा अभ्यासांवर नेहमीचा आक्षेप असतो की फरक भाषेचा नाही, शिक्षणाचा आहे. तो इथे लागू पडत नाही.

शेवटी रोज भाषा बदलत बोलणं हाही मेंदूला आवरायचा व्यायामच. एक भाषा बोलताना दुसरी दाबून धरावी लागते.

पश्चिमवारा

विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणीही काळजीपूर्वक केलेली आहे. तरी एक सावधगिरीचा सूर लावतो. मी बॉस्टनजवळ राहतो आणि औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी पाहणं हे माझं काम आहे.

वरचे बरेच पुरावे ज्या उंदरांतून आले त्यांच्यात माणसाचं सदोष जनुक घालून मुद्दाम प्रचंड अमायलॉइड तयार करवलेला असतो. त्यांच्यात चेतापेशी फारशा मरत नाहीत, टाउचे गुंतेही होत नाहीत. या उंदरांना बरं करणारी कितीतरी औषधं माणसांत सपशेल पडली. त्यामुळे उंदरात दुष्टचक्र दिसलं म्हणून ते माणसातही तसंच फिरतं, असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल.

दुसरं, अमायलॉइड काढणारी औषधं आता आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. दीड वर्षात घसरणीचा वेग औषधविरहित गटापेक्षा २७ टक्क्यांनी कमी झाला. परिणाम खरा आहे, पण मर्यादित आहे, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका आहे. अमायलॉइड निघूनही घसरण चालू राहते, म्हणजे त्याच्या पुढच्या पायऱ्या तोवर स्वतःच्या जोरावर चालू लागलेल्या असतात. त्या पायऱ्यांत विद्युत हालचालीचा वाटा किती, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

कृष्णाकाठ

पश्चिमवारा, आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मॅकगिल विद्यापीठातलं २०२४ चं काम मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी लक्षणं नसलेल्या, पण घराण्यात अल्झायमर असलेल्या वयस्कर माणसांच्या मेंदूतल्या लहरी एमईजीने मोजल्या. हे यंत्र चेतापेशींच्या प्रवाहांमुळे तयार होणारं अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र टिपतं. त्याच माणसांचे अमायलॉइड आणि टाउचे स्कॅनही काढले. ज्या भागांत फक्त अमायलॉइड होता तिथे लहरी वेगवान, अतिसक्रियतेकडे झुकलेल्या होत्या. अमायलॉइडच्या जोडीला टाउ आला तिथे लहरी संथ झालेल्या होत्या. हा बदल ज्यांच्यात जास्त, त्यांची स्मृती पुढे जास्त ढासळली.

हे उंदीर नव्हते, आणि हिंडतीफिरती, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहणारी माणसं होती. आधी भडका, मग मंदी, हा क्रम त्यांच्यात दिसतो. टाउच्या बाबतीत उंदरांतला एक मुद्दा जोडून ठेवतो: चेतलेल्या पेशी टाउ जास्त बाहेर टाकतात आणि तो शेजारच्या पेशींत जास्त पसरतो. अमायलॉइडने पेटवलेल्या वाटांवरून टाउ पुढे सरकतो, ही कल्पना त्यामुळे नुसती तर्काची राहत नाही.

चांदणवेल

वाचतेय. प्रतिसादही मूळ लेखाइतकेच वाचनीय.

रेवातीर

मी इंदूरहून लिहिते आहे. माझे सासरे, नाना, ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी सुरुवातीचा अल्झायमर असं निदान झालं. त्यांच्यात एक गोष्ट आम्हाला कधीच कळली नाही. काही दिवस ते इतके छान असतात की निदान खोटं वाटावं. पेपर वाचतात, नातवाला गणित शिकवतात. आणि अधूनमधून, बहुतेक वेळा सकाळी उठल्यावर, पंधरा-वीस मिनिटं पार हरवल्यासारखे होतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. ओठ हलत राहतात, गिळल्यासारखं करतात. मग हळूहळू माणसात येतात आणि त्यातलं त्यांना काही आठवत नाही.

आम्ही दाखवलं तिथे सांगितलं की हा आजाराचाच भाग आहे, असं होणारच. वीस मिनिटांचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढला, तो नॉर्मल आला, विषय संपला. धागा वाचून मनात आलं की हे काही वेगळं असू शकेल का? कुणी सांगू शकेल का?

निशिगंध_न्यूरो

रेवाताई, मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. इथे बसून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे वर्णन केलं आहे ते ऐकून मी माझ्या रुग्णाचा तपास तिथे थांबवला नसता.

फिट म्हटलं की लोकांना हातपाय झटकणं, तोंडाला फेस येणं आठवतं. हिप्पोकॅम्पसच्या आसपास उठणारी फिट अशी दिसेलच असं नाही. माणूस टक लावून बसतो, ओठ चाटतो, गिळतो, तेच तेच विचारतो. काहींना तर फक्त थोड्या वेळाचं विस्मरण होतं, आणि ते झोपेतून उठल्यावर होणं ही ओळखीची खूण आहे. डिमेन्शियाचा रुग्ण असला की घरचे आणि डॉक्टर दोघेही ते आजाराच्या खाती टाकतात.

कृष्णाकाठ यांच्या धाग्याशी याचा थेट संबंध आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत होर्हे पालोप आणि लेनर्ट मुके यांना २००७ साली अल्झायमरच्या उंदरांत बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स सापडल्या. त्यानंतर याच शहरात कीथ व्हॉसेल यांनी माणसांत शोध घेतला. कधीही फिट न आलेल्या अल्झायमरच्या रुग्णांचा रात्रभर व्हिडिओ ईईजी आणि तासाभराचा एमईजी केला. २०१६ साली आलेल्या निकालात सुमारे ४२ टक्के रुग्णांत फिटच्या जातीची सुप्त हालचाल सापडली. त्याच वयाच्या निरोगी लोकांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. ज्यांच्यात ती होती त्यांची घसरण जास्त वेगाने झाली.

तुमच्या वीस मिनिटांच्या ईईजीबद्दल. हिप्पोकॅम्पस खोल आत असतो आणि ही हालचाल बहुधा झोपेत होते. जागेपणी, डोक्यावर तारा लावून काढलेल्या छोट्या ईईजीत ती सुटून जाणं अगदी शक्य आहे. २०१७ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अल्झायमरच्या दोन रुग्णांच्या कवटीच्या तळातल्या नैसर्गिक छिद्रातून बारीक तारा हिप्पोकॅम्पसजवळ नेल्या. आत फिट्स चालू होत्या आणि बाहेरचा ईईजी जवळपास शांत. तसं काही करायची गरज इथे नाही. पण झोपेसह, शक्यतो रात्रभराचा व्हिडिओ ईईजी मागण्याइतकं कारण नक्की आहे.

पश्चिमवारा

डॉक्टर, औषधाने फरक पडतो का, हेही सांगाल का? कारण शेवटी चाचणी तिथेच होते.

निशिगंध_न्यूरो

लेव्हेटिरासिटॅमवर सर्वांत जास्त काम झालं आहे. फिट्सचं जुनं, स्वस्त औषध. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मायकेला गॅलाघर यांच्या गटाने २०१२ साली सौम्य विस्मरण असलेल्या लोकांना त्याचा अगदी कमी डोस दिला. हिप्पोकॅम्पसची अतिसक्रियता उतरली आणि स्मृतीच्या चाचणीत गुण वाढले. ती धावपळ निव्वळ उपयोगी भरपाई असती तर ती कमी केल्यावर गुण घटायला हवे होते. कृष्णाकाठ यांनी सुरुवातीला जो मुद्दा राखून ठेवला होता तो बहुधा हाच.

पण २०२१ ची व्हॉसेल यांची चाचणी जास्त बोलकी आहे. अल्झायमरच्या रुग्णांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे. सगळे रुग्ण एकत्र धरले तर मुख्य निकषावर काहीच फायदा नाही. मात्र ज्यांच्यात सुप्त फिटची हालचाल आधी सापडली होती, त्यांची जागा-दिशा लक्षात ठेवण्याची आणि लक्ष आवरण्याची कामगिरी सुधारली. चाचणी छोटी होती, ३४ जणांची, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. माझ्यापुरता निष्कर्ष असा की औषध सरसकट द्यायचं नाही, आधी कुणाच्या मेंदूत ही हालचाल आहे ते शोधायचं.

एक कळकळीची विनंती. हे वाचून कुणीही केमिस्टकडून गोळ्या आणून घरच्यांना सुरू करू नका. या औषधाने काहींची चिडचिड, आक्रमकपणा आणि उदासी फार वाढते. वयस्कर माणसांत मूत्रपिंडाचं काम पाहून डोस ठरवावा लागतो. फिट्सची सगळी औषधं सारखी नाहीत. फेनिटॉइनसारखी जुनी औषधं अशा रुग्णांना कमी सोसतात.

मेतकूट_भात

खूप दिलासा मिळाला. झोपेबद्दलही कुणी लिहाल का? आई रात्री जेमतेम पाच तास झोपते आणि घोरतेही.

कृष्णाकाठ

झोप या सगळ्याच्या मध्यभागी आहे. गाढ झोपेत चेतापेशी आलटून पालटून गप्प होतात आणि त्यांना खरी उसंत तिथेच मिळते. होल्ट्झमन यांच्या प्रयोगशाळेतूनच २००९ साली दिसलं की जागेपणी अमायलॉइडची पातळी चढते, झोपेत उतरते, आणि उंदरांना सतत जागं ठेवलं तर साका वाढतो. २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातच निरोगी माणसांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली, झोपेतून पूर्ण उठवलंही नाही, तरी मेरुद्रवातला अमायलॉइड वाढला. झोपेत मेंदू ‘धुतला’ जातो ही जी कल्पना सगळीकडे ऐकू येते तिच्यावर अजून वाद आहे. पण उत्पादन कमी होतं हा भाग बराच भक्कम आहे.

घोरण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. श्वास थांबत असेल तर गाढ झोप रात्रभर तुटत राहते. स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी होते आणि त्यावर उपायही आहे. आईंना ऐकू कमी येत असेल तर तेही तपासून घ्या. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर करता आली तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के घटना टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज आहे. त्यात बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण हे सगळं येतं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एवढ्या घरांना महागडी इंजेक्शनं पुरणार नाहीत. झोप, कान आणि रक्तदाब तपासणं तालुक्याच्या गावीही होऊ शकतं.

वाळवंटी_पाऊस

४० हर्ट्झच्या दिव्यांचं काय? युट्यूबवर असे व्हिडिओ आहेत, माझा भाऊ बाबांना रोज दाखवतो.

पश्चिमवारा

त्याचा उगम एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या २०१६ च्या प्रयोगात आहे. सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवल्यावर उंदरांच्या दृष्टिकेंद्रात त्याच तालाच्या लहरी उमटल्या आणि अमायलॉइड घटला. कल्पना सुंदर आहे: गोंगाट दाबण्याऐवजी ताल परत आणायचा. पण २०२३ साली न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटाला हा परिणाम उंदरांत पुन्हा दिसला नाही. माणसांवर मोठी चाचणी सुरू झालेली आहे, तिचं उपकरण वेगळं असतं. फोनच्या पडद्यावरचा व्हिडिओ म्हणजे ते नव्हे. आणि वर डॉक्टरांनी सुप्त फिट्सबद्दल जे सांगितलं ते पाहता, अल्झायमरच्या माणसापुढे लुकलुकता प्रकाश आपल्या मनाने लावणं मला धोक्याचं वाटतं. भावाला थांबायला सांगा.

निशिगंध_न्यूरो

पश्चिमवारा यांच्याशी पूर्ण सहमत.

रेवातीर

निशिगंध सर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आज नानांच्या डॉक्टरांना फोन केला, रात्रभराच्या ईईजीला ते तयार झाले. पुढच्या आठवड्यात दाखल व्हायचं आहे. जाताना काय तयारी करू?

निशिगंध_न्यूरो

रेवाताई, पुन्हा असा प्रसंग आला तर फोनवर व्हिडिओ घ्या. चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. त्या वेळी त्यांच्याशी बोला, नाव विचारा, हात उचलायला सांगा, म्हणजे प्रतिसाद देतात की नाही ते व्हिडिओत येईल. एका वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप कशी झाली, एवढं लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, झोपेच्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांसकट, कारण अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनीही वयस्कर माणसांचा गोंधळ वाढतो. कुठलीही गोळी आपण होऊन बंद करू नका. आणि रात्री नानांजवळ त्यांच्या सवयीचं माणूस राहू द्या. डोक्याला लावलेल्या तारा ते ओढणार नाहीत आणि झोपही लागेल.

रेवातीर

माझे यजमान राहतील. वही आजपासून सुरू करते. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.